आत्मकथने आणि घरचे टीकाकार

जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि पूर्णा ज्या परभणी जिल्ह्यात येते, तेथेही दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्याच वर्षी दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. पुस्तक गाजले, रोषही ओढवला, आणि तो केवळ सवर्णांचा नव्हता. आधीच हिणवल्या जाणाऱ्या समाजाची लाज चव्हाट्यावर का मांडावी, असे स्वकीयांनीच विचारले. घरे जळत असताना आलेला हा प्रश्न उथळ म्हणता येणार नाही. पवारांनी मात्र स्वतःलाही सूट दिली नाही: पुस्तकात दगडू पवार आपली कहाणी सुशिक्षित, नोकरदार दया पवारला ऐकवतो. माणूस एकच, नावे दोन.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचा धास्तीचा वाचक तर घरातच होता. आपल्या किराणा दुकानात बसून लिहिलेले कागद त्यांनी सुमारे वीस वर्षे पतीपासून लपवले. ‘जिणं आमुचं’ प्रथम ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आले, १९८६ मध्ये पुस्तकरूपाने. त्यात वस्तीतील सुनांचा छळ सविस्तर आहे. स्वतःला झालेल्या मारहाणीविषयी त्या बोलल्या, ते पुढे मुलाखतीत.