स्वयंऔषधोपचार गृहीतक

स्वयंऔषधोपचार गृहीतक हे व्यसनाधीनतेच्या कारणांविषयी मनोविकारशास्त्रात मांडले गेलेले एक स्पष्टीकरण आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खँट्झियन यांनी १९८५ मध्ये हेरॉइन व कोकेनच्या आहारी गेलेल्या रुग्णांच्या निरीक्षणावरून ते मांडले. त्यांच्या मते असा रुग्ण मुख्यतः सुखाच्या शोधात नसतो, तर असह्य भावनांपासून सुटका शोधत असतो. पदार्थाची निवडही निव्वळ योगायोगाने होत नाही: हेरॉइन अनावर संताप शमवते, तर कोकेन खिन्नता व रितेपणा तात्पुरता दूर करते.

अफूजन्य पदार्थ शारीरिक वेदनेबरोबर तिच्यातील मानसिक क्लेशही बोथट करतात. त्यामुळे नशेतील अत्यानंदाआड मूळ दुःख झाकले जाते आणि आप्तांना केवळ व्यसन दिसते. मात्र शरीर पदार्थाला सरावते, मात्रा वाढत जाते आणि नशा उतरताच अस्वस्थता, निद्रानाश व नैराश्य पुष्कळदा अधिक तीव्रतेने परततात. अर्थात, हा उपचार दुखणे वाढवणारा ठरतो.

गृहीतकावरील प्रमुख आक्षेप कार्यकारणाच्या क्रमाविषयी आहे. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्यांमधील नैराश्य अनेकदा मद्य थांबवल्यावर काही आठवड्यांतच ओसरते. तेथे ते व्यसनाचे कारण नसून परिणाम असते. पदार्थाच्या निवडीविषयीचा दावा त्याहून दुबळा मानला जातो, कारण उपलब्धता, किंमत व संगत यांचाही तिच्यावर मोठा प्रभाव असतो. दोन्ही विकार एकत्र आढळल्यास त्यास दुहेरी निदान म्हणतात व त्यांवर एकाच वेळी उपचार केले जातात.