जुन्या जावा-येझदीची किंमत: पडताळणीची एक पद्धत

जुनी जावा किंवा येझदी घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा असा हिशेब करतो: हा नव्वद हजार सांगतोय, शेजारच्या गावातला तशाच गाडीचे सव्वा लाख सांगतोय, म्हणजे ही स्वस्त पडते. या हिशेबात व्यवहार कुठेच नाही. दोन विक्रेत्यांच्या दोन अपेक्षा शेजारी ठेवल्या आहेत, एवढेच. सांगितलेल्या किमतीची तुलना दुसऱ्या सांगितलेल्या किमतीशी करून काही कळत नाही. तुलना करायची ती गाडीशी, आणि त्यासाठी गाडी कोणत्या क्रमाने पाहायची हे आधी ठरवावे लागते.

माझे म्हणणे असे आहे की जुन्या गाडीतले दोष दोन जातींचे असतात. काही दोष पैसे खर्चून भरून येतात. काही कितीही पैसे ओतले तरी भरून येत नाहीत. पहिल्या जातीचा दोष किमतीतून वजा करायचा. दुसऱ्या जातीचा सापडला, तर वजाबाकीचा प्रश्नच उरत नाही. तिथे किंमत संपते आणि सुट्या भागांचा भाव सुरू होतो. बाजारात मात्र पाहणी उलट्या क्रमाने चालते. आधी रंग आणि क्रोमची चमक, मग आवाज, मग एक चक्कर आणि सगळ्यात शेवटी, चहा पिताना, कागदपत्रे. जे सर्वांत सहज भरून येते ते आधी पाहिले जाते आणि जे कधीच भरून येत नाही ते शेवटी.

उदाहरण म्हणून जावा-येझदीच घेण्याला कारण आहे. रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने मैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचे उत्पादन सुरू केले. पुढे १९७० च्या दशकात गाड्या येझदी नावाने येऊ लागल्या, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. बंद पडलेल्या कंपनीच्या गाडीला सुटे भाग मिळणार नाहीत असे वाटेल, पण परिस्थिती नेमकी उलट आहे. पिस्टनपासून पेट्रोलच्या टाकीपर्यंत बहुतेक सगळे आज आपल्याकडे नव्याने बनते आणि विकले जाते. त्यामुळे चार गाड्यांच्या अवशेषांतून पाचवी उभी करणे अवघड राहिलेले नाही. लोखंड विकत मिळते म्हणूनच, निव्वळ लोखंडाचा ढीग आणि एक विशिष्ट गाडी यांतला फरक लोखंडात शोधून सापडत नाही. तो दोन क्रमांकांत आणि एका नोंदीत असतो.

म्हणून सुरुवात कागदांपासून. आरसी पुस्तकातला चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर जसाच्या तसा हवा. गाडीवरचा क्रमांक वाचायचा, फोटोतला नाही. अंक एका उंचीचे आणि एका खोलीचे आहेत का, भोवतालचा धातू घासलेला दिसतो का, क्रँककेसच्या ओतीव पृष्ठभागाचा खरखरीतपणा क्रमांकाच्या जागी अचानक गुळगुळीत होतो का, हे बोट फिरवून पाहावे. त्या जागेवर रंगाचा जाड थर असेल तर तो काढू देण्याची विनंती करावी. विक्रेता तयार नसेल तर पुढची पाहणी करण्यात अर्थ नाही.

क्रमांक जुळले तरी नोंद जिवंत आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. कोठारात पडून राहिलेल्या गाडीचे हे सगळे थकलेले असते. शिवाय अनेक जुन्या नोंदी आरटीओच्या रजिस्टरातून संगणकावर चढलेल्याच नाहीत. त्या चढवून घेण्याला ‘बॅकलॉग’ म्हणतात आणि जुने रजिस्टर सापडल्याशिवाय ते काम होत नाही. तिसरी अडचण सगळ्यांत जास्त आढळते: गाडी आजोबांच्या नावावर आहे, आजोबा नाहीत आणि विकतो आहे नातू. इथे आधी वारसाच्या नावावर हस्तांतर व्हायला हवे, त्यासाठी ३१ क्रमांकाचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. त्यानंतरच २९ आणि ३० क्रमांकाच्या अर्जांवर ती तुमच्या नावावर येऊ शकते. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आणायची असेल, तर ना हरकत दाखला वेगळा. सातबारा नसलेल्या जमिनीवर कितीही चांगले घर बांधले तरी जी गत होते, तीच नोंद नसलेल्या सुंदर गाडीची होते. ‘कागद होऊन जातील’ असे म्हणणाऱ्याला माझे उत्तर एकच असते: मग ते करून घ्या, मी थांबतो आणि त्या वेळी तुमची किंमत देतो.

यानंतर सांगाडा. अपघातात वाकलेली फ्रेम सरळ करता येते, पण क्रमांक असलेला हँडलखालचा भाग कापून जोडला असेल तर तो दुसऱ्या जातीचा दोष आहे. मागून पाहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का हे दोरी ताणून तपासावे. स्विंग आर्मच्या जोडाजवळ आणि इंजिनाच्या खालच्या नळ्यांवर नवे वेल्डिंग दिसते का पाहावे. बाकी गंज, खड्डे, तुटलेले स्टँड हे सगळे वजाबाकीत जाते.

इंजिनाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण खर्चाचा अंदाज सर्वांत जास्त इथे चुकतो. अडीचशे सीसी जावाचा बोअर ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्यात व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधले पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबतो आणि तेच वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे क्रँककेस ही इंजिनाच्या श्वासाची वाट आहे आणि ती हवाबंद ठेवणारी क्रँकची ऑइल सील शाबूत असणे आवश्यक आहे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत हे रबर कडक होऊन सुटते. डायनामोच्या बाजूचे सील गेले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि चढावर, भर उन्हात, जाम होतो. क्लचच्या बाजूचे गेले की इंजिन गिअरबॉक्सचे ऑइल ओढून जाळू लागते.

दोन्हींची लक्षणे बाहेरून कळतात, मात्र इंजिन थंड असताना पोहोचायला हवे. आधी सिलिंडरला हात लावावा. गरम असेल तर विक्रेत्याने तुमच्याआधी ते चालवून घेतले आहे. मग किक. जावा-येझदीत किकचा आणि गिअरचा दांडा एकच असतो; तो आत दाबून वर फिरवला की किक होते. किक हळू दाबून पाहावी. दाब जाणवला पाहिजे आणि दाते मधेच सुटता कामा नयेत. चालू झाल्यावर धूर येणारच; पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच ही गाडी चालते, शिवाय सायलेन्सरमध्ये साचलेले जुने ऑइलही जळते. प्रश्न पंधरा-वीस मिनिटांनंतरच्या धुराचा आहे. तेव्हा तो विरळ व्हायला हवा. दाट पांढरा धूर तसाच राहिला आणि गिअरबॉक्समधले ऑइल कमी भरले, तर क्लचकडच्या सीलवर संशय घ्यावा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच उतरायला हवा. तो वरच रेंगाळला तर कुठून तरी हवा शिरते आहे. अंगणात दोन मिनिटे चालू करून दाखवलेले इंजिन यातले काहीच सिद्ध करत नाही.

थंड इंजिनातून येणारा हलका टकटक आवाज, जो गरम झाल्यावर कमी होतो, तो पिस्टनचा असतो. रिबोअर करून जातो. चढावर भार आल्यावर खालून येणारा जड ठोका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असतो आणि तो खर्चाचा आहे. या इंजिनाचा क्रँक दाबून जोडलेला असतो. तो प्रेसवर उघडून, नवी पिन आणि रॉड घालून, पुन्हा मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत सरळ करावा लागतो. हे काम सचोटीने करणारा टर्नर गावात असणे हे गाडीच्या मूल्याचा भाग धरावे, असे मी मानतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात राहणाऱ्याला हीच गाडी, असा माणूस जवळ नसलेल्या खरेदीदारापेक्षा स्वस्त पडते. विक्रेता हेड उघडू देत असेल तर पिस्टनच्या माथ्यावर कोरलेले माप वाचावे. ओव्हरसाइझ पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. शेवटच्या मापाजवळ पोहोचलेल्या सिलिंडरला पुढच्या वेळी स्लीव्ह लागणार. आणि हेड उघडू देत नसेल, तर नियम सोपा आहे: न उघडलेले इंजिन पूर्ण काम लागणारे इंजिन समजून हिशेबात धरावे. विक्रेत्याकडे कामाची बिले, जुना क्रँक, जुना पिस्टन असेल तर तो पुरावा मानून वजावट कमी करावी. त्या बिलांवरून काम झाले एवढे कळते. ‘मी साठ हजार घातले’ म्हणून गाडीचे मूल्य साठ हजारांनी वाढत नाही.

अपुरेपणा मोजताना मॉडेलचे वय पाहावे. नव्वदच्या दशकातल्या रोडकिंगचा हरवलेला भाग बाजारात मिळतो. साठच्या दशकातल्या मरून जावाचे तसे नाही: यिकोव्ह कार्बोरेटर, ‘पाल’ कंपनीचा स्विच आणि त्याची खिळ्यासारखी किल्ली, हेडलाइटच्या कवचात बसलेला मूळ स्पीडोमीटर, साखळीचे पूर्ण झाकण. यातले काही नव्याने बनते, पण मूळ भागाची सर येत नाही, आणि जुन्या बाजारात तो सापडेपर्यंत गाडी अर्धवट उभी राहते. बदली सायलेन्सर नीट पाहावा. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरची लांबी आणि आतली रचना इंजिनाच्या ताकदीवर परिणाम करते. चुकीची नक्कल दिसायला ठीक, चालवायला मरगळलेली असते. २०१८ मध्ये याच नावाने आलेली नवी जावा चार-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी आहे. तिच्या इंजिनाचे भाग जुन्या इंजिनाला चालत नाहीत.

रंगाबद्दल थोडक्यात. नवा रंग आणि क्रोम यांना मी जवळजवळ काही किंमत देत नाही, कारण त्यांच्याखाली काय आहे ते दिसत नाही. कारखान्याचा मूळ रंग, हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा अर्ध्या पुसलेल्या का होईना, टिकून असतील तर त्याला मात्र जास्त द्यावे. तो एकदा खरवडला की परत येत नाही; भरून न येणाऱ्या गोष्टींत गाडीच्या बाजूने बोलणारी ही एकमेव गोष्ट.

आता हिशेब. समजा आपल्या भागात पूर्ण झालेली, कागद स्वच्छ असलेली तशीच येझदी प्रत्यक्षात दीड लाखाला विकली गेल्याचे दोन-तीन खरेदीदारांकडून कळले. समोरच्या गाडीला इंजिनाचे २५,०००, वायरिंग आणि डायनामोचे ८,०००, रंग-क्रोमचे २५,०००, टायर आणि किरकोळ भागांचे १२,००० असे ७०,००० लागतील. त्यावर न दिसलेल्या दोषांसाठी पाचवा हिस्सा, म्हणजे १४,०००. दीड लाखातून ८४,००० गेले की ६६,००० उरतात. विक्रेता नव्वद सांगत असेल तर तो २४,००० जास्त सांगतो आहे. ही वजाबाकी त्याच्यासमोर कागदावर मांडावी. बरेच विक्रेते आकड्यांशी वाद घालत नाहीत, एखाद्या बाबीशी घालतात, आणि तो वाद गाडी उघडून सोडवता येतो. कुणाला लहानपणी वडिलांनी चालवलेल्या गाडीसाठी हे २४,००० द्यावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही; फक्त ती रक्कम कशासाठी दिली हे त्याला ठाऊक असावे. कागद नसतील तर मात्र दीड लाख हा आकडाच लागू होत नाही. तिथे टाकी, चाके, इंजिन यांचा सुटा भाव करावा आणि त्याच्या वर एक रुपयाही देऊ नये.

पन्नास वर्षे ओलांडलेल्या गाडीला एक बाब जास्तीची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षे. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढीच मुभा आहे. म्हणून ‘विंटेज आहे’ या कारणासाठी किंमत चढवणाऱ्याला विचारावे की नोंद कोणत्या प्रकारची आहे. ज्याला दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचे आहे, त्याच्यासाठी साध्या नूतनीकरणावर चालणारी गाडी अधिक मोलाची.

टोकन देताना चिठ्ठीवर दोन्ही क्रमांक लिहावेत आणि आरटीओत नोंद पडताळली गेली नाही तर टोकन परत, अशी ओळ विक्रेत्याच्या सहीसह घ्यावी. उरलेली रक्कम हस्तांतराच्या अर्जांवर त्याच्या सह्या झाल्यावर, बँकेतून द्यावी.