थोरली पाती धुळीची, धाकटी पाण्याची

मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधिस्थानांमुळे, योगेश्वरीच्या देवालयामुळे, हत्तीखान्याच्या लेण्यांमुळे आणि निजामी अमदानीत मोमिनाबाद या नावाने वसलेल्या घोडदळाच्या छावणीमुळे अंबाजोगाईचे नाव महाराष्ट्रभर झाले असले, तरी पाण्याच्या मुबलकतेसाठी या गावाची ख्याती कधीच नव्हती. बालाघाटाच्या या मुलखात पाणी ही मिरविण्याची वस्तू नसून जपण्याची आहे. आणि शेजारच्या लातुरास २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते धनेगावचे मांजरा धरण आटल्यामुळे, ही गोष्ट येथल्या शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. अशा गावात, एमएच-४४ ची पाटी लावलेली, उंच चाकांची एखादी जीप किंवा गुरखा गाडी पुढच्या काचेच्या कडेकडेने छपरापर्यंत चढलेली, इंजिनाच्या श्वासाची काळी नळी घेऊन बाजारपेठेत उभी राहिली, म्हणजे पाहणाऱ्याला हसू येते आणि ‘एवढे बुडायला पाणी आहे कुठे?’ असा प्रश्न कोणीतरी हटकून विचारतो. प्रश्न खोडसाळ असला तरी निराधार नाही, आणि त्याचे उत्तर द्यावयाचे तर या नळीचा कुळवृत्तान्तच उलगडावा लागतो. कारण देवासच्या पवारांच्या दौलतीत जशा थोरली आणि धाकटी अशा दोन पाती होत्या, तशाच त्या हिच्या वंशातही आहेत, आणि लोकांच्या नजरेत भरते ती पाण्याची पाती वस्तुतः धाकटी आहे. थोरली पाती धुळीची.

या थोरल्या पातीचा मूळ पुरुष शोधू गेले असता तो कोणत्याही वाहनात न सापडता पिठाच्या गिरणीत सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मोठमोठ्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि हवेत तरंगणारे पीठ हे दारूगोळ्याइतकेच स्फोटक असते याचा भयंकर दाखला २ मे १८७८ रोजी मिनीॲपोलिस येथील वॉशबर्न गिरणीने दिला. त्या स्फोटात १८ कामगार प्राणास मुकले. गिरणीतली धूळ जागच्या जागी पकडण्याची निकड तेव्हापासून सर्वांनाच भासू लागली, आणि १८८५ साली जॉन फिंच नावाच्या गृहस्थाने त्यासाठी एका यंत्राचे पेटंट घेतले. निमुळत्या नरसाळ्यासारख्या पात्रात हवा मध्यातून न सोडता कडेने, भिंतीला घासून, शिरविली की ती भोवऱ्यासारखी फिरू लागते. फिरता फिरता जड कण बाहेर फेकले जाऊन भिंतीवर आपटतात व घरंगळत तळाशी जमतात, आणि हलकी झालेली हवा मधल्या नळीने वर निघून जाते. खळ्यावर उफणणी करताना दाणा आणि भूस यांची फारकत जशी त्यांचे वजनच करते, तशीच येथेही ती वजनानेच होते. फरक इतकाच की उफणणाऱ्याला वाऱ्याची वाट पाहावी लागते आणि हे यंत्र आपला वारा आपणच फिरवून घेते. कापड नाही, जाळी नाही, हलणारा एकही भाग नाही, अशी ही युक्ती असल्यामुळेच ती आजतागायत टिकून राहिली.

गिरणीतली ही विद्या शेतात यावयाची तर प्रथम शेतात इंजिन यावयास हवे होते, आणि ते आले तेव्हा धुळीने त्याची काय दशा केली हे पहिल्या पिढीच्या ट्रॅक्टरवाल्यांनी चांगलेच भोगले. मिनेसोटातीलच फ्रँक डोनाल्डसन हा ट्रॅक्टरविक्रेता यूटा राज्यातील एका गिऱ्हाइकाचे वारंवार बिघडणारे इंजिन पाहावयास गेला असता, दोष यंत्राचा नसून त्याच्या पोटात जाणाऱ्या धुळीचा आहे, हे त्याच्या ध्यानी आले, आणि त्याने तारेच्या सांगाड्यावर कापड गुंडाळून इंजिनाच्या श्वासमार्गावर बसविले. हे १९१५ साल. त्याच साली त्याने या कामासाठी कंपनी काढली व ती अद्याप चालू आहे.

धुळीचे हे प्रकरण एवढे गंभीर का, हे थोड्या हिशेबाने कळते. अडीच लिटर क्षमतेचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या पोटभर हवा घेते. मिनिटाला २००० फेऱ्या धरल्या तर मिनिटाला सुमारे २५०० लिटर, आणि दहा तासांच्या नांगरटीत पंधरा लाख लिटर हवा त्याच्या नाकातून जाते. इतक्या हवेतून जाणारी चिमूटभर धूळदेखील ऑइलमध्ये मिसळून लायनर आणि रिंगा यांच्यामध्ये पॉलिशपेपरचे काम करू लागते. मग इंजिन ऑइल पिऊ लागते, निळा धूर ओकू लागते, आणि मिस्त्री बॉनेट न उघडताच ‘काम निघालं’ म्हणून मोकळा होतो.

यावर पुढच्या पिढीने काढलेला तोडगा म्हणजे ऑइलच्या वाटीचा एअर क्लिनर. यात हवा नळीने खाली येऊन ऑइलच्या पृष्ठभागावर आदळते आणि एकदम उलटी वर वळते. धूळ मात्र आपल्या वेगाच्या ओघात सरळ जाऊन ऑइलमध्ये रुतून बसते. या वाटीवरचा भार हलका व्हावा म्हणून श्वासनळी बॉनेटच्याही वर काढून तिच्या टोकावर फिरत्या वाऱ्याची ती गिरणीतली युक्ती लहान आकारात बसविण्यात आली, आणि प्री-क्लिनर या नावाने ती ट्रॅक्टरच्या डोक्यावर रुजली. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटाने या विद्येची कठोर परीक्षा घेतली. ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांना हनुवटीखाली व्होक्स फिल्टरची भलीमोठी पेटी बांधावी लागली, तीमुळे विमानाचा वेग घटला, पण वेग घटलेले विमान परवडले आणि वाळूने खाल्लेले इंजिन परवडले नाही.

आपल्याकडे १९६३ साली मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि पुढील दशकांत काळ्या रानातून बैलांच्या बरोबरीने ट्रॅक्टर दिसू लागले. आज बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राची वाट धरतात, तेव्हा त्यांच्या बिऱ्हाडांनी लादलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या बॉनेटवर ही उंच मान असते. अर्थात् जीपची नळी पाहून हसणाऱ्याच्या दारातच तिची थोरली बहीण वर्षानुवर्षे उभी असते.

आता धाकट्या पातीकडे वळू. १८९७ साली सायमन लेक या अमेरिकनाने ‘आर्गोनॉट’ नावाची एक विलक्षण पाणबुडी बांधली. ती समुद्रतळावर चक्क चाकांवर चालत असे, आणि तिच्या पेट्रोल इंजिनास लागणारी हवा पृष्ठभागावरून नळीने खाली आणलेली असे. तथापि या कल्पनेस लष्करी प्रतिष्ठा मिळाली ती डच आरमारातील यान याकोब विखर्स या अधिकाऱ्यामुळे. पाण्याखाली असतानाही डिझेल इंजिन चालू ठेवता यावे म्हणून १९३० नंतरच्या दशकात त्याने हवेच्या नळीची योजना सिद्ध केली व ती डच पाणबुड्यांवर बसलीही. १९४० मध्ये हॉलंड पडले, पाणबुड्या जर्मनांच्या हाती सापडल्या, आणि आरंभी अडगळ मानलेली ती नळी १९४३ पासून, विमानांच्या माऱ्यामुळे वर येणे अशक्य होऊ लागल्यावर, त्याच जर्मनांनी आपल्या पाणबुड्यांवर बसविली. लाट आली की नळीच्या तोंडावरची झडप मिटे आणि इंजिन पाणबुडीतलीच हवा ओढू लागे. त्यासरशी आतल्या खलाशांच्या कानठळ्या बसत.

जमिनीवरच्या सैन्यानेही ही युक्ती याच काळात उचलली. २२ जून १९४१ रोजी जर्मन रणगाडे बुग नदी तळातून ओलांडून गेले, तर ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या शेर्मन रणगाड्यांच्या पाठीवर हवेसाठी पत्र्याची उंच धुरांडी उभारलेली होती. पुढे रशियन रणगाड्यांनी तर नळी हा आपल्या सरंजामाचा कायमचा भाग केला. टी-५५ साठी लढाईची नळी अरुंद असे, परंतु शिकाऊ सैनिकांसाठी वेगळी रुंद नळी ठेवलेली असे, ती अशासाठी की प्रसंग ओढवल्यास माणसाला तिच्यातून वर चढून येता यावे. ज्यांना ही यंत्रे जवळून पाहावयाची असतील त्यांना फार दूर जावयास नको. बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर येथे १९४८ पासून चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र आहे, १९९४ मध्ये उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि सैनिकी वाहनांच्या संशोधनाची सरकारी संस्थाही तेथेच आहे.

या दोन पातींचे मनोमीलन घडले ते आडवाटेच्या मोटारींवर. १९४७ साली महिंद्र बंधूंच्या कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन झाल्यावर गटविकास अधिकाऱ्याची जीप हे सरकारचे खेडोपाडी दिसणारे रूप झाले. पण त्या जीपांना नळी नव्हती. ती रूढ केली ऑस्ट्रेलियातील रानोमाळ भटकणाऱ्या गाड्यांनी आणि १९८० ते २००० या काळात चाललेल्या ‘कॅमल ट्रॉफी’ या मोहिमेतील लँड रोव्हरांनी. आणि ऑस्ट्रेलियात तर एकाच प्रवासात दुथडी भरलेला ओढा आणि शेकडो मैलांचा फुफाटा हे दोन्ही भेटत असल्यामुळे, नळीच्या टोकावर कधी पुढे तोंड असलेला टोप, तर कधी धूळ फिरवून टाकणारी पारदर्शक वाटी, अशी आलटून पालटून योजना सुरू झाली. महाराष्ट्रात तिला कारखान्यातूनच बसवून देण्याचा मान फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीकडे जातो. ही कंपनी म्हणजे १९५८ साली नवलमल फिरोदियांनी उभी केलेली बजाज टेम्पो. मराठवाड्यातील लग्नाची वऱ्हाडे आणि बाजारकरू ज्या क्रूझर गाड्यांतून दाटीवाटीने हिंडतात त्याही तिच्याच. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: २०२१ च्या गुरखाची नळी छपराच्या उंचीची, तरीही पाण्यातून जाण्याची कंपनीने घातलेली मर्यादा केवळ ७०० मिलिमीटरची. म्हणजे गाडीच्या कर्त्यांनीच त्या उंचीचा पाण्याशी असलेला संबंध गुडघ्याच्या जरा वर आणून सोडला आहे.

मागाहून नळी बसविण्याचे काम पाहण्यासारखे असते. कागदी नमुना मडगार्डावर चिकटवून मिस्त्री आधी खुणा करतो, कारण एकदा पत्रा कापला की तो पुन्हा जोडता येत नाही. मग होल-सॉने भोक पाडून कापलेल्या कडेस गंज धरू नये म्हणून प्रायमर लावतो, रबर बसवितो, आणि नळी काचेच्या खांबाशी पट्टीने आवळून आतल्या एअर क्लिनरच्या पेटीशी जोडतो. नवशिका येथेच थांबतो. जाणता मिस्त्री मात्र पेटीच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी कंपनीने ठेवलेले बारीक छिद्र शोधून काढतो व त्याचा बंदोबस्त करतो, प्रत्येक सांध्यावर सिलिकॉन आणि क्लॅम्प यांचा पहारा बसवितो, आणि अखेरीस इंजिन चालू ठेवून नळीचे तोंड जाड झाकणाने गच्च बंद करतो. इंजिन गुदमरून बंद पडले तर काम पक्के. चालूच राहिले तर कोठून तरी चोरून हवा येत आहे, आणि ज्या फटीतून हवा येते तिच्यातून ओढ्यात पाणी व रस्त्यावर धूळही येणारच. पाणी आले तर परिणाम तत्काळ दिसतो: पाणी दाबले जात नसल्यामुळे वर येणारा पिस्टन त्याच्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. धूळ आली तर इंजिनाची नासधूस तशीच, पण सावकाश. म्हणून त्याची दखल घ्यावयास लोक विसरतात.

दप्तरी बाजूही विसरून चालत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या व नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा कडकपणे अधोरेखित केली. सबब पत्र्याला करवत लावण्यापूर्वी परिवहन कचेरीत चौकशी करून घेणे हे शहाणपणाचे.

राहता राहिला तो बाजारातला प्रश्न. पाणी येथे येतच नाही असे नाही. २०२१ च्या सप्टेंबरात मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि काठची शिवारे पाण्याखाली गेली. परंतु अशा वेळी नळीच्या भरवशावर पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालणे हे धाडस नसून अविचार आहे. नळी इंजिनाला श्वास देते, पण दोन फूट वाहते पाणी अख्खी गाडी उचलते, त्याला ती काय करणार? गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांच्या श्वासनळ्या, विजेच्या तारा, चाकांची बेअरिंगे ही सर्व तर खालीच राहतात. म्हणून या भागात नळीची किंमत ठरवावयाची ती मुरमाच्या रस्त्यांवरून, खडीच्या डंपरांमागून आणि ट्रॉल्यांनी उडविलेल्या फुफाट्यातून वर्षाचे आठ महिने होणाऱ्या प्रवासावर. उंचीवरची हवा चाकांच्या पातळीवरील हवेपेक्षा निवळ असते, हा तिचा अर्धा गुण. आणि टोकावरची वाटी तिचा दुसरा अर्धा. ज्याच्यापाशी मोजकेच पैसे असतील त्याने ते मोठ्या नावाच्या नळीवर न घालविता चांगल्या प्री-फिल्टरवर व पक्क्या सांध्यांवर खर्च करावेत, आणि वाटीतली धूळ खुणेच्या रेघेपर्यंत चढण्याची वाट न पाहता ती झटकीत जावी. दुष्काळी मुलखाचा या नळीवरचा हक्क पाणथळ मुलखापेक्षा कमी नाही, उलट वडीलकीचा आहे.