लघवीतली चुगली : निओप्टेरिनची गोष्ट

आज गोष्ट आहे रोज फ्लश होणाऱ्या एका चिठ्ठीची. होय, लघवीची!

सुरुवात मात्र फुलपाखरांपासून. 1889 मध्ये इंग्लंडचे गॉलंड हॉपकिन्स त्यांच्या पंखांतल्या पिवळ्या रंगाचा अभ्यास करत होते. या रंगद्रव्यांच्या कुळाला पुढे नाव पडलं 'प्टेरिन', कारण ग्रीकमध्ये 'प्टेरॉन' म्हणजे पंख. याच कुळातलं निओप्टेरिन 1963 मध्ये मधमाश्यांमध्ये सापडलं आणि 1967 मध्ये चक्क माणसाच्या लघवीत!

मग 1979 साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये हेल्मुट वाख्टर यांच्या टीमला दिसलं की, कॅन्सरच्या आणि व्हायरसने आजारी असलेल्या रुग्णांच्या लघवीत ते वाढलेलं असतं. का बरं? उत्तर 1984 मध्ये मिळालं. टी-पेशी 'इंटरफेरॉन गॅमा' सोडून हाक देतात, मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि निओप्टेरिन सोडतात. किडनी ते बाहेर टाकते. म्हणजे आतल्या लढाईची बातमी, तीही सुई न टोचता!

एचआयव्हीच्या काळात याचं मोल कळलं. अँटिबॉडी दिसायला काही आठवडे लागतात, निओप्टेरिन त्याआधीच वाढतं. टीबीत उपचार लागू पडले की ते उतरतं.

पण एक गोची आहे. लढाई पेटलीय हे ते सांगतं, शत्रू कोण ते नाही. म्हणून एवढ्यावर निदान होत नाही. चुगलखोराचं ऐकायचं, पण खात्री आपण करायची!