माथेरान : प्रवासाचा एक धडा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं घरोघरीं प्रवासाचे बेत सुरू होतात. कोठें जावयाचें, किती दिवस राहावयाचें व खर्च किती येईल, हें वडील माणसें ठरवितात. मुलांचें काम केवळ सामानाबरोबर निघण्याचें. वस्तुतः बेत आंखणें हाच प्रवासांतील शिक्षणाचा पहिला भाग होय. ज्या स्थळीं आपण जातों त्यावर आपल्या येण्याचा भार किती पडतो व तो कोण वाहतो, हा प्रश्न मुलांपुढें ठेवावयाचा असेल, तर माथेरानच्या इतिहासाइतकें सोपें क्रमिक पुस्तक मिळणें कठीण.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मालेट हा १८५० सालच्या मे महिन्यांत सुमारें २,६०० फूट उंचीचा हा डोंगर चढून गेला. त्यानें माथेरान शोधून काढलें, असें सांगण्याची रूढि आहे. परंतु तेथील रानवाटा ठाकूर, कातकरी व धनगर यांच्या पायांखालच्या होत्या. आपण ज्याला नवें स्थळ म्हणतों तें कोणाचें तरी जुनें घर असतें, ही गोष्ट मुलांस प्रथम सांगावी.

पुढें मुंबईचे साहेब लोक व धनिक तेथें बंगले बांधूं लागले. नेरळहून वर जावयाचें तर तट्टू, पालखी, नाहीं तर आपले पाय, एवढींच साधनें होतीं. १९०७ सालीं मुंबईच्या आदमजी पीरभाई यांच्या घराण्यानें नेरळ ते माथेरान अशी छोटी आगगाडी सुरू केली. तिच्या रुळांमधील अंतर अवघें २ फूट, आणि मार्ग सुमारें २१ किलोमीटरांचा. डोंगर फोडून सरळ वर जाण्याऐवजीं ही गाडी त्याच्या कलाकलानें वळसे घेत चढते. वाटेंत बोगदा लागतो तो एकच. २००५ च्या अतिवृष्टींत हा मार्ग उखडला गेला. २००७ सालीं गाडी पुन्हां धांवूं लागली.

मोटारीस मात्र गांवांत प्रवेश मिळाला नाहीं. प्रवाशांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. २००३ सालीं केंद्र सरकारनें माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. येथील दाट झाडी व शांतता यांचें श्रेय या निर्बंधास बऱ्याच अंशीं दिलें पाहिजे.

परंतु या चित्रास दुसरी बाजू आहे. मोटार नव्हती म्हणून ओझें नाहींसें झालें नव्हतें. तें माणसाच्या अंगावर आलें होतें. तांबड्या मातीच्या चढणीवर प्रवाशांस बसवून हातरिक्षा ओढणारीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या तेथें राबलीं. आम्ही जिला स्वच्छ हवा म्हणत होतों, तिची किंमत त्यांच्या छातीनें चुकती केली. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विजेवर चालणाऱ्या रिक्षांस प्रयोगादाखल परवानगी दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ती ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची सोय करण्याचा आदेश दिला. घोडेवाल्यांनीं विजेच्या रिक्षांस विरोध केला होता. त्यांचाहि चरितार्थ त्याच रस्त्यावर चालतो. निसर्गाचें रक्षण व मनुष्याचा मान हीं दोन्हीं एकाच वेळीं कशीं सांभाळावीं, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाहीं.

म्हणून सहलीचा बेत करतांना कागद व पेन्सिल मुलांच्या हातीं द्यावी. नेरळपर्यंत लोकलनें जातां येतें काय, शनिवार-रविवारची गर्दी टाळतां येईल काय, दस्तुरीपासून चालावयाचें तर प्रत्येकानें किती ओझें घ्यावें, नेलेल्या वस्तूंचा कचरा परत खालीं कसा आणावा, हें त्यांनींच लिहावें. पावसाच्या पाण्यानें भरणारा शार्लोट तलाव दाखविला, म्हणजे डोंगरमाथ्यावर पाणी जपून कां वापरावें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

आणि आजीस चालवत नसेल, तर तिच्यासाठीं घोडा घ्यावा कीं विजेची रिक्षा, हा वाद वडिलांनीं मिटवूं नये. मुलांस तो घालूं द्यावा. कोणी घोड्याच्या पाठीचा विचार करील, कोणी रिक्षावाल्याच्या मिळकतीचा, कोणी आजीच्या गुडघ्यांचा. निर्णय कोणताहि होवो; गाडींत बसण्यापूर्वींच त्या मुलांचा प्रवास सुरू झालेला असेल.