पंख्याची घरघर

२००५ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्यात सदाशिव पेठेत तेव्हा आमची दोन खोल्यांची जागा होती. पुढच्या खोलीत आई निजत असे आणि त्याच खोलीत खिडकीखाली माझे मेज होते. दिवसा नोकरी आणि रात्री छापखान्याचे मुद्रितशोधन असा माझा क्रम. त्या वर्षी भाच्याच्या आग्रहावरून मी घरीच संगणक जुळवायचे ठरवले. तापकीर गल्लीत दोन रविवार हिंडून आम्ही सुटे भाग आणले, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ते जोडले आणि पहिल्याच कळीला यंत्र सुरू झाले. भाचा म्हणाला, "मामा, जमलं!" मीही स्वतःवर खूष झालो.

त्या रात्री आईने अंथरुणातून विचारले, "अरे, गच्चीवरची मोटर कुणी बंद करायची विसरलंय का?"

मी म्हणालो, "नाही आई, हा आपला संगणक आहे."

ती काही बोलली नाही. चार दिवसांनी मात्र सहज म्हणाली, "त्याला घरघर लागली आहे का रे?" आम्ही सगळे हसलो. पण ती त्याच वर्षी मोठ्या दुखण्यातून उठली होती, आणि सकाळी तिचे डोळे पाहिले की रात्री झोप लागली नाही हे विचारावे लागत नसे. तिने एकदाही तक्रार केली नाही, हेच मला अधिक लागले. काम सोडणे शक्य नव्हते. दुसरी खोली नव्हती. तेव्हा हा आवाज नेमका येतो कोठून, आणि विचार करण्याच्या यंत्राला पंखा मुळी लागलाच कधीपासून, या दोन्ही गोष्टींच्या मी मागे लागलो. पहिलीचे उत्तर घरातच सापडले. दुसरीसाठी मात्र बराच मागे जावे लागले.

गंमत अशी की, संगणकाचा आजोबा म्हणून ज्याचे नाव घेतात तो चार्ल्स बॅबेज स्वतः आवाजाने गांजलेला गृहस्थ होता. लंडनमध्ये डॉर्सेट स्ट्रीटवर तो राही. दारावरून बाजाच्या पेट्या वाजवत जाणारे फिरस्ते त्याच्या कामाचा विचका करीत. हाडाचा गणिती तो! त्याने ८० दिवसांत आपल्याला १६५ वेळा त्रास झाल्याची नोंद ठेवली आणि १८६४ साली ती छापली. त्याच वर्षी लंडनमधल्या रस्त्यावरच्या संगीताला आळा घालणारा कायदा पार्लमेंटने केला. त्यापायी टवाळ पोरे बॅबेजच्या मागे लागत, ती गोष्ट निराळी. त्याची कल्पनेतली यंत्रे पितळी चाकांची होती आणि ती त्याच्या हयातीत पुरी झालीच नाहीत. शांततेसाठी एवढा झगडलेल्या या माणसाच्या वंशजांनी घराघरांत आवाज भरावा, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

चाके गेली आणि वीज आली, तेव्हा उष्णताही आली. फिलाडेल्फियात १९४६ साली जगापुढे आलेल्या 'एनियॅक' या यंत्रात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. वजन ३० टन आणि विजेची भूक सुमारे १५० किलोवॅट. आता संगणक वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. आकडेमोडीचे उत्तर वजनाला काही भरत नाही. म्हणजे ते यंत्र ही एक मोठी थोरली शेगडीच होती, आणि तिच्यातून हवा खेळती ठेवायला दांडगे पंखे बसवावे लागले होते. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला आणि १९६० साली कामाला लागलेला 'टिफरॅक' हाही ट्यूबांचाच होता. त्याच्यात सुमारे २,७०० ट्यूब होत्या. पण असली यंत्रे स्वतंत्र दालनात नांदत. त्यांच्या शेजारी कुणाची आई निजलेली नसे.

पंख्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो संगणक घरात शिरल्यावर. कॅलिफोर्नियात १९७५ साली काही हौशी मंडळी एका गॅरेजमध्ये जमू लागली आणि घरी संगणक जुळवण्याचा नाद जगभर पसरला. त्याच मंडळींत वावरणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियॅकने रचलेला 'ॲपल टू' १९७७ साली बाजारात आला. त्याचा भागीदार स्टीव्ह जॉब्स याने हट्ट धरला होता की घरातल्या यंत्राला पंखा नको. त्याच्या आवाजाने चित्त स्थिर राहत नाही. हा हट्ट पुरवला रॉड होल्ट नावाच्या अभियंत्याने. त्याने नव्या पद्धतीचा वीजपुरवठा रचला. जुन्या तऱ्हेचे वीजपुरवठे बरीच वीज नुसती तापण्यात घालवीत. होल्टचा फार थोडी घालवी. उष्णताच कमी, मग पंखा कशाला? 'ॲपल टू' मुकाट्याने चालला.

परंतु हट्ट नेहमीच पुरतो असे नाही. १९८० साली आलेल्या 'ॲपल थ्री' यालाही पंखा नव्हता. आतले भाग तापून प्रसरण पावत, निवून आकसत आणि होता होता चिपा आपल्या खोबणीतून सैल होत. यंत्र अडले की ते काही इंच उचलून मेजावर सोडावे, म्हणजे चिपा जागच्या जागी बसतात, असा उपाय सांगितला जाई. आमच्याकडे रेडिओला चापट मारीत, त्याच जातीचा हा इलाज! पुढच्याच साली, १९८१ मध्ये, आयबीएमने आपला घरगुती संगणक आणला तो वीजपुरवठ्याच्या डब्यात पंखा बसवूनच. घरोघरच्या जुळवलेल्या संगणकांनी कित्ता गिरवला तो याच यंत्राचा.

तरीही त्या काळी तो एकच पंखा असे. १९८१ च्या प्रोसेसरला वीज लागे एक-दोन वॅट. त्याच्या डोक्यावर काही ठेवायची गरजच नव्हती. १९९३ च्या पहिल्या पेंटियमला सुमारे १५ वॅट लागू लागले आणि त्याच्या माथ्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा व त्यावर चिमुकला पंखा आला. २००४ च्या सुमारास हाच आकडा १०० वॅटच्या वर गेला. शंभराचा दिवा आपण हाताने धरू शकत नाही. इथे तेवढी उष्णता नखाएवढ्या तुकड्यातून निघत होती.

याला कारण होते. रॉबर्ट डेनार्ड या शास्त्रज्ञाने १९७४ साली सहकाऱ्यांबरोबर एक नियम मांडला होता. ट्रान्झिस्टर लहान करत जावे, त्यासरशी व्होल्टेजही उतरवावे, म्हणजे कितीही दाटीने बसवले तरी तेवढ्या जागेतली उष्णता वाढत नाही. तीस वर्षे या नियमाच्या आधाराने धंदा चालला. पण ट्रान्झिस्टर फार बारीक झाले तेव्हा बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. गळका नळ घट्ट पिळूनही ठिबकत राहतो, तसे. व्होल्टेज आणखी उतरवता येईना आणि वेगाची शर्यत उष्णतेपाशी अडली. इंटेलने २००४ च्या मे महिन्यात आपला एक होऊ घातलेला प्रोसेसर रद्द केला. उष्णता आवरेना, अशीच त्याची चर्चा झाली. त्याचे नाव काय असावे? 'तेजस'!

असो. आमच्या खोलीत या इतिहासाचे फळ चार पंख्यांच्या रूपाने फिरत होते. आवाज कोणाचा, हे कानाने कळेना. खोक्याजवळ गेले की सगळेच घुमे. तेव्हा मला एका जुन्या डॉक्टराची आठवण झाली. पॅरिसमध्ये १८१६ साली लेनेक नावाच्या वैद्याने एका रोगिणीचे हृदय ऐकण्यासाठी कागदाची सुरळी केली होती. आजच्या स्टेथोस्कोपचा जन्म तो. मीही वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला लावले, दुसरे खोक्यावरून फिरवले आणि एकेक आवाज निराळा होऊ लागला. मग एकेका पंख्याची वायर क्षणभर काढून पाहिली. वीजपुरवठ्याचा डबा मात्र उघडला नाही. वीज तोडल्यावरही त्यात जिवावर बेतेल एवढा साठा राहू शकतो.

तीन चोर सापडले. चित्रपट्टीवरचा चिमुकला पंखा बारीक किंचाळत होता. त्याच्या धुरेतले तेल सुकले होते. मागचा पंखा मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेत होता. त्याला सात पाती. म्हणजे सेकंदाला ३५० वेळा पाते जाळीवरून जाई आणि त्याच स्वराचा घुमारा उठे. तिसरा सूर होता भुणभुणीचा. तो काही केल्या पकडता येईना.

पहिल्या चोराचा निकाल आईनेच लावला. मी तेल शोधतो आहे हे पाहून तिने आपल्या शिलाई मशीनची तेलाची कुपी पुढे केली. "माझ्या मशीनला लागतं तेच त्याला लागत असणार." पंख्याच्या पोटावरची चिकटपट्टी सोलून एक थेंब सोडला, किंचाळणे थांबले. दुसऱ्याला बारा व्होल्टऐवजी सातावर चालवले. पिवळी आणि तांबडी अशा दोन तारांच्या मध्ये पंखा जोडला की बारातून पाच वजा होऊन सात उरतात. हवा थोडी कमी होते. आवाज मात्र त्याहून कितीतरी अधिक उतरतो. फेरे निम्मे केले तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबल घटतो. आणि १० डेसिबल उतरले की कानाला तो निम्माच वाटतो. म्हणूनच मोठा पंखा सावकाश फिरवावा, लहान पंखा जोरात फिरवू नये, हे या शास्त्राचे सार.

उरली भुणभुण. आई जवळ येऊन बसली. तिने खोक्याच्या पत्र्यावर तळहात टेकला आणि आवाज थांबला. हात उचलला, पुन्हा सुरू.

"आवाज यंत्र करत नाही रे, फळी करते," ती म्हणाली. "खाली काहीतरी मऊ घाल."

हार्ड डिस्क थरथरत होती आणि तिची थरथर पत्रा मोठी करून सांगत होता. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून मी स्क्रूंखाली घातले. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. रस्त्यावरच्या पागोळ्या ऐकू आल्या.

"तुला कसं कळलं?" मी विचारले.

"तुम्ही लहान होतात ना, तेव्हा मी रात्री शेजारच्यांची पोलकी शिवत असे. जमिनीवर मशीन ठेवलं की फरशी वाजायची. तुम्ही उठाल म्हणून खाली गोधडीची चौघडी घालायची."

वडील गेल्यानंतरची ती वर्षे मला आठवतात. पण रात्री मशीन चालल्याचे मला कधीच आठवत नाही. मी समजत होतो की आई आमच्याबरोबर झोपत असे.

त्यानंतर पुष्कळ बदलले. पंखे मोठे आणि सावकाश झाले, तपमान पाहून आपला वेग आपणच बदलू लागले. एका प्रोसेसरला धाप लागेपर्यंत पळवण्याऐवजी अनेक गाभे मिळून काम वाटून घेऊ लागले. २०२० साली निघालेल्या ॲपलच्या एका लोकप्रिय लॅपटॉपला तर पंखाच नाही. जॉब्सचा हट्ट त्याच्यामागे नऊ वर्षांनी पुन्हा पुरला. खिशातल्या फोनलाही बहुधा पंखा नसतो. मात्र फोनवर आपण जे मागतो ते नवी मुंबईतल्या किंवा आणखी कुठल्या तरी मोठ्या इमारतीत हजारो यंत्रे शोधून देतात, आणि तिथे पंखे अहोरात्र गर्जत असतात. आवाज नाहीसा झालेला नाही. तो आपल्या घरातून उठून दुसरीकडे राहायला गेला आहे.

तो संगणक केव्हाच मोडीत निघाला. आईही आता नाही. तिचे मशीन मी ठेवले आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत त्याला तेल घालतो, आणि खाली गोधडी असते.