प्रेशर बायोफीडबॅक म्हणजे काय?

कंबर दुखली की ‘पोटाचे व्यायाम करा’ असं सगळेच सांगतात. पण प्रश्न फक्त ताकदीचा नसतो, वेळेचाही असतो. आपण हात उचलायच्या आधीच पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू आवळतो आणि मणक्याला आधार देतो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा आवळतो, असं ऑस्ट्रेलियातल्या हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांना १९९६ साली आढळलं.

हा स्नायू बाहेरून दिसत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्ट प्रेशर बायोफीडबॅक वापरतात. हवेची पिशवी, रबरी फुगा आणि डायल, म्हणजे बीपी मोजायच्या यंत्रासारखीच रचना.

वापर असा होतो:

१. पालथं झोपून पोटाखाली पिशवी ठेवतात, त्यात ७० मिमी दाबापर्यंत हवा भरतात.
२. श्वास न रोखता बेंबीखालचं पोट हळूच आत घेऊन १० सेकंद धरायचं.
३. काटा साधारण ६ ते १० मिमी उतरला, तर स्नायू नीट काम करतोय.

मात्र कंबर उचलली तरी काटा उतरतो! त्यामुळे सुरुवातीला फिजिओथेरपिस्टची नजर हवीच. झोपून जमलं की हाच ताबा पाठीच्या स्नायूंसोबत बसताना, चालताना, वजन उचलताना आणायचा. खरा उपयोग तिथेच आहे.